राहून गेलेला काना

३ मार्च, सोमवार

ही डायरी रंगाच्या दुकानदाराने जानेवारीत भेट दिली होती. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. आज मी ती ओढून काढली. टेबल लगेच डुगडुगायला लागलं.

"आता काय नवीन?" बायकोने विचारलं.

"नोंदी ठेवायच्या आहेत."

"ठेवा. चहा कितीदा सांडला त्याचीही ठेवा."

विषय ठमीचा आहे. ठमी म्हणजे माझी पिकअप, वय वर्षे बावीस. मी दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या रंगवतो. पाट्या, शिडी आणि रंगाचे डबे ठमीत घालून गावभर हिंडतो. इतक्या वर्षांत माझ्या हातून एक काना किंवा एक वेलांटी चुकलेली नाही. दुसऱ्यांच्या चुकलेल्या मी फुकटात दुरुस्त करून दिल्या आहेत, काही तर त्यांनी नको म्हटल्यावरही.

काल साडू आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याने नवी जीप घेतलीय, तीही चांगली उंच. ती त्याने दारात ठमीला खेटून उभी केली, काच खाली घेतली, मान बाहेर काढली आणि वरून मला म्हणाला, "काय पेंटर, खाली हवा कशी आहे?"

सगळे हसले. मीही हसलो. पण जेवण गेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, शेळी व्हायची वेळ पहिल्यांदाच आली.

एक मात्र बरं झालं. साडू सासूबाईंना म्हणाला, "चला आई, एक चक्कर मारून आणतो." सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्या जीपपर्यंत गेल्या, उघड्या दाराकडे पाहिलं आणि "डोकं दुखतंय" म्हणून परत आल्या. नव्या गाडीला भुलल्या नाहीत. मनातून त्या माझ्या बाजूच्या आहेत.

तर ठरलं. ठमीला उचलायची. नवे पाटे, नवे शॉकप, मोठी चाकं. तशीही ती मागून बसलीच आहे. शिडी टाकली की नाक वर करते आणि हेडलाइटचा उजेड रस्त्यावर न पडता लोकांच्या गच्चीवर पडतो. म्हणजे हे काम गरजेचंच आहे, साडूशी त्याचा काही संबंध नाही.

५ मार्च, बुधवार

बुधवारी आईंना, म्हणजे सासूबाईंना, मावशींकडे न्यायचं असतं. मावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात असते. दोघी तीन वर्षं दर बुधवारी पत्ते खेळतात आणि दर बुधवारी भांडतात. आईंच्या मते मावशी लहानपणापासून रडीचा डाव खेळते. मावशींच्या मते आईंना हरायची सवय नाही, ती त्या लावणार आहेत.

आईंची गाडीत चढायची पद्धत ठरलेली आहे. डाव्या हाताने दांडा धरतात, उजवा पाय वर ठेवतात आणि म्हणतात, "एक, दोन, हं." 'हं'ला त्या आत असतात. कुणी हात लावलेला खपत नाही. एकदा मी कोपराला धरलं होतं तर म्हणाल्या, "जावईबापू, मी पाटी आहे का?"

आज आत बसून म्हणाल्या, "ही गाडी अगदी माझ्या मापाची आहे."

मला वाईट वाटलं. बिचाऱ्यांना काय माहीत, ही गाडी आता किती सुधारणार आहे.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस सस्पेन्शनचा अभ्यास केला. शेजारच्या टेलरने हाक मारली तर मी त्याला "रिबाउंड" म्हणालो.

मग मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री गाडीच्या पोटाला स्क्रूड्रायव्हर लावतो, दुसरं टोक कानाला लावतो आणि डोळे मिटतो. बोलतो कमी. बहुतेक वेळा "बघा बुवा" एवढंच.

मी त्याला सगळं समजावलं. मागच्या चाकांवर पोलादाच्या वाकड्या पट्ट्यांची थप्पी असते, त्यातल्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. ठमीचे पाटे बावीस वर्षांत सपाट झालेत. (हे त्याला माहीत होतं, तरी मी सांगितलं.) जाड पाटे घातले की गाडी उचलते, मग धक्के गिळणारे शॉकपही लांब लागतात. मऊ की कडक हा प्रश्न राहतो. मी कडक घेणार. माणूस मऊ असावा, गाडी कडक असावी.

मिस्त्री म्हणाला, "बघा बुवा."

मग बऱ्याच वेळाने त्याने एकच प्रश्न विचारला. "गाडीत बसतं कोण?"

"मी बसतो. आणखी कोण?"

त्याने मान हलवली आणि दुसऱ्या गाडीखाली गेला. मी म्हणतो याला गिऱ्हाइकाची पारख आहे.

१० मार्च, सोमवार

चाकं निवडली. काळी, रुंद, खोल नक्षीची. टायरच्या खाचेत दगडही अडकेल अशी.

यात एक गोष्ट लक्षात आली. मोठं चाक मडगार्डला घासतं, म्हणून गाडी उचलावी लागते. गाडी उचलली की जुनं चाक खेळण्यातलं वाटतं, म्हणून मोठं चाक लागतं. म्हणजे दोन्ही करण्यावाचून गत्यंतरच नाही. बायकोला हे समजावून सांगितलं. ती दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी आली की माझं आटवते.

"मुळात उचलूच नका ना," ती म्हणाली.

तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

ठमी मिस्त्रीकडे. मावशींकडे जाणं झालं नाही. आई म्हणाल्या, "एका बुधवाराने काय होतंय." दुपारभर एकट्याच पत्ते पिसत बसल्या होत्या.

१४ मार्च, शुक्रवार

ठमी आली!

काय दिसते! जुन्या ठमीपेक्षा चांगली वीतभर उंच. रस्त्यातून चाललो तर लोकांच्या कुंपणांपलीकडचं दिसायला लागलं. टेलरला वरून टक्कल पडलंय, हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मी काच खाली करून त्याला तसं सांगितलं. आनंद वाटायचा असतो.

रिकामी असली की ठमी थोडी उड्या मारते. खड्ड्यातून गेली की आधी पुढून उडते, मग मागून, मग सगळी मिळून. आज पिवळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उडालं आणि शिडी पिवळी झाली. अंगात नवी ताकद आली की माणूसही थोडा अवखळ होतो. बसेल हळूहळू.

चढताना गुडघा जरा छातीला लागतो. त्यावर मी युक्ती काढलीय. रंगाचा रिकामा डबा पालथा घालायचा, त्यावर पाय देऊन चढायचं आणि डब्याला दोरी बांधलेली असते ती वर ओढून घ्यायची. कुणाला कळतही नाही.

१९ मार्च, बुधवार

आई तयार होऊन आल्या. पिशवी, चष्मा, पत्ते. गाडीशी उभ्या राहिल्या. मी दार उघडून धरलं. त्यांनी वर दांड्याकडे पाहिलं, मग खाली पायाकडे, मग पुन्हा दांड्याकडे. बराच वेळ निरखत होत्या. ठमीचं नवं रूप त्यांना आवडलेलं दिसलं.

मग म्हणाल्या, "आज डोकं दुखतंय. नको."

मी बाम आणून दिला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

२० मार्च, गुरुवार

आज मन भरून आलं. लिहून ठेवतो.

दातांच्या डॉक्टरांच्या पाटीचं काम चालू होतं, मी शिडीवर होतो, 'दंत'वरचा अनुस्वार गोल करत होतो. तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो:

"आईसाठी एक पाट टाका गाडीत. जाड बघा. मजबूत हवा."

मी शिडीवरच बसलो. जी बाई परवापर्यंत "उचलूच नका" म्हणत होती, ती आज पाट्याची जाडी सांगते! आईंचं डोकं का दुखलं हे हिने बरोबर ओळखलं. गाडी उड्या मारते या धास्तीनेच दुखलं. मागे आणखी एक पाटा टाकला की उड्या बंद. मला सुचलं नाही ते हिला सुचलं. संसारात अशी वेळ क्वचित येते.

फक्त 'पाटा'चा काना द्यायचा राहिलाय. घाईत लिहिलं असणार, सुई हातात असेल. शुद्धलेखनात ती पहिल्यापासून कच्ची. मी मनातल्या मनात काना दिला आणि उत्तर पाठवलं, "उद्याच टाकतो."

तिने बदामाचं चित्र पाठवलं. किती वर्षांनी!

२१ मार्च, शुक्रवार

मिस्त्रीला म्हटलं, "आणखी एक पाटा. जाड. मजबूत."

"बघा बुवा," तो म्हणाला. मग थांबला. "कशाला?"

"सासूबाईंसाठी."

मिस्त्रीने तोंडातली काडी काढली. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पाटा वाढवला की गाडी आणखी कडक होते. आणि आणखी उचलते."

"घरातून तसाच निरोप आहे."

"सासूबाई जड आहेत का?"

"छे! पिसासारख्या आहेत."

त्याने काडी पुन्हा तोंडात घातली आणि कामाला लागला.

२२ मार्च, शनिवार

गाडी दारात लावली. आणखी दोन बोटं उंच झालीय. बायको कामाला निघाली होती, ती थांबली.

"टाकलात पाट?"

"टाकला की."

तिने दार उघडून आत पाहिलं. "कुठंय?"

"आत कसा असेल? खाली आहे."

ती वाकली. "खाली कुठं?"

"मागच्या बाजूला. चार नटांत आवळलाय. आता जन्मात हलायचा नाही."

"अहो, पण आईला लागेल तेव्हा काढायचा कसा?"

"काढायचा कशाला? कायमचा बसवलाय."

ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे घडीचा आहे? खालून सरकून बाहेर येतो तसला?"

"दाब पडला की येतो बरोबर कामाला," मी म्हटलं. पाट्याचं तत्त्व हेच आहे.

"बाई गं! एवढं कशाला केलंत? साधा आणला असतात तरी चाललं असतं." आणि जाता जाता माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एखाद्या यांत्रिक विषयावर पहिल्यांदाच एकमताने बोललो.

२६ मार्च, बुधवार

बायको कामावर. आई आल्या. मी दार उघडलं आणि जरा अभिमानानेच सांगितलं, "आई, तुमच्यासाठी मुद्दाम जाड टाकलाय."

"हो, ही म्हणत होती. कुठंय?"

"खाली."

त्यांनी खाली पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग छत्रीचं टोक दारापाशी जमिनीवर फिरवलं, इकडून तिकडे. पायानेही चाचपून पाहिलं.

"मला काही दिसत नाही, जावईबापू."

"दिसायचा नाहीच तो. पण आहे. तुम्ही बिनधास्त चढा."

त्यांनी छत्री काखेत घेतली. मग अगदी हळू म्हणाल्या, "नजरही गेली म्हणायची." आणि आत निघून गेल्या. दारातून म्हणाल्या, "तिकडे धाकटीला सांगा, मला कंटाळा आलाय."

हल्ली आईंना बाहेर जायचा कंटाळा येतो. वय झालं की होतं असं.

मी एकटाच मावशींकडे गेलो. खिडकीपाशी टेबलावर पत्ते वाटून ठेवले होते, दोन बाजूंना दोन पालथ्या गड्ड्या.

"तीन बुधवार झाले वाटून," मावशी म्हणाल्या. "इथल्या बायका पुसायला येतात, टेबलाला हात लावू देत नाही मी. तिला सांग, तुझी पानं तशीच आहेत. मी बघितली नाहीत." थोडं थांबून म्हणाल्या, "एकच बघितलं."

"त्यांना कंटाळा आलाय म्हणतात."

"तिला? पत्त्यांचा?" मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "काय झालंय तिला? खरं सांग."

"काही नाही हो. ठणठणीत आहेत."

आईंच्या बाजूची गड्डी वाऱ्याने सरकली होती, ती मावशींनी बोटाने सारखी केली. परत येताना मला उगीचच चुकल्यासारखं वाटत होतं. कारण सापडलं नाही. शॉकप जरा मऊ घ्यायला हवे होते काय?

३० मार्च, रविवार

साडू आला. ज्याची वाट पाहत होतो तो क्षण.

मी आधीच ठमीत जाऊन बसलो होतो. त्याची जीप शेजारी लागली. मी काच खाली घेतली, मान काढली. खाली त्याचं डोकं. "काय साडूभाऊ, खाली हवा कशी आहे?"

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मस्त केलीय हो गाडी! ही चाकं कुठनं आणलीत?" त्याच्या आवाजात काकुळती होती. मला वाटलं होतं याहून जास्त मजा येईल. "पण चढता कसं?"

"सहज. एक टांग टाकायची."

मग तो खाली उतरला आणि गप्पा मारत तिथेच उभा राहिला. डबा वर माझ्या पायाशी. त्याच्यादेखत दोरी सोडता येईना. पाऊण तास मी वरूनच बोललो. चहाही वरच घेतला. शेवटी तो आत गेल्यावर उतरलो, तर मांडीत लचक भरली. गाडीचा काही दोष नाही, मी बेसावध होतो.

३१ मार्च, सोमवार

मांडी दुखत होती म्हणून दुपारीच घरी आलो. खिडकीतून पाहिलं तर आई मागच्या खोलीत कपाटाचा कडी-कोयंडा धरून उभ्या होत्या. समोर लाकडी खोकं होतं, त्यावर बायकोचे दोन जाडजूड ग्रंथ ठेवलेले. "एक, दोन, हं," आई म्हणाल्या आणि पाय उचलला. पोचला नाही. थोडा दम घेतला. पुन्हा "एक, दोन, हं." पुन्हा नाही. मग वरचं एक पुस्तक काढलं आणि पुन्हा धरलं.

या वयात व्यायाम! कुणाला न सांगता! मला माझीच लाज वाटली. उद्यापासून मीही बैठका मारणार. मांडी बरी झाली की.

२ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. सुशोभित करणार नाही.

बायकोला सुट्टी होती. आई बाहेर आल्या. चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. डोकं दुखत नव्हतं, कंटाळा आला नव्हता. सरळ गाडीपाशी गेल्या, टाचा उचलून दांडा धरला आणि म्हणाल्या, "एक, दोन..."

'हं' आलं नाही. पाय हवेतच राहिला. हात ताणलेला, पिशवी खांद्यावरून घसरली आणि पत्ते रस्त्यावर पसरले.

"अहो, पाट!" बायको ओरडली. "बघता काय? पाट बाहेर काढा ना!"

"पाटा खालीच आहे!"

"मग सरकवा!"

"सरकवू कसा? आवळलाय!"

"पाट आवळतात का कुठं?"

"पाटा आवळतातच! नाहीतर निसटेल!"

"पाटा नाही हो! पाट! पाट! बसायचा पाट! लाकडाचा! आई पायाखाली घेईल आणि चढेल! घरातला तुम्ही रंगाचे डबे ठेवून बरबटवलात, म्हणून नवा आणा म्हटलं!"

मी खिशातून फोन काढला. मेसेज उघडला. 'पाट.' काना नव्हता. कारण काना नव्हताच. तिने शुद्ध लिहिलं होतं, घाईतसुद्धा, सुई हातात असताना. काना मी घातला. आयुष्यात हातून एक चूक झाली नाही म्हणून मिरवणाऱ्याने, फुकटात, कुणी सांगितलं नसताना. आणि त्या एका कान्याने सासूबाईंना आणखी दोन बोटं उंचावर नेऊन ठेवलं.

मग एकेक आठवायला लागलं. बाम. छत्रीचं टोक. "नजरही गेली म्हणायची." खोक्यावरची पुस्तकं. साडूच्या जीपचं उघडं दार. मिस्त्रीने विचारलं होतं, गाडीत बसतं कोण. मी रस्त्यावर बसून पत्ते गोळा करायला लागलो, कारण वर बघवेना. मला रडू येत होतं आणि ते मी चौकटची दुर्री शोधतोय असं दाखवून लपवलं.

आईंनी पाय खाली घेतला, पदर सारखा केला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तोवर तुमचा तो डबा द्या."

"कुठला डबा?"

"दोरीवाला. रोज बघते मी खिडकीतून."

बायको माझ्याकडे वळली. "दोरीवाला डबा?"

मी मुकाट्याने ठमीत हात घालून डबा काढला. दोरीसकट. "आई, मग मागितला का नाहीत? आधीच?"

"जावयाला कसं सांगायचं, मला चढवत नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या हौसेने गाडी केलीत. तुमचं तोंड बघून मागायचा धीर व्हायचा नाही."

मी डबा पालथा घातला, दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. त्यावर पाय देऊन आई म्हणाल्या, "एक, दोन, हं." आणि आत होत्या.

वृद्धाश्रमापर्यंत ठमी इतकी उडत गेली की आईंनी कवळी काढून रुमालात बांधली. मावशी खिडकीतच होत्या. आईंना बघून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बस. तुझी उतारी आहे. चार आठवडे झाले."

आईंनी पानं उचलली, बघितली आणि म्हणाल्या, "यातलं एक पान बदललंयस तू."

दोघी अशा भांडल्या की बाहेर जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी जिन्यावर बसून ऐकत होतो. चार आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

३ एप्रिल, गुरुवार

ठमी मिस्त्रीकडे. "सगळं उतरवायचं," मी म्हटलं. "जादा पाटा काढा. जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान द्या, नुसती मागून बसू नये इतपत. शॉकप मऊ. चाकं पहिलीच."

त्याने कारण विचारलं नाही. मीच सांगितलं, कान्यासकट. मिस्त्रीने तोंडातली काडी थुंकली. मग गाडीखाली गेला. गाडी बराच वेळ खालून हलत होती. तो हसत होता.

८ एप्रिल, मंगळवार

ठमी आली. सरळ उभी आहे. पहिल्यांदाच हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडतो. खड्ड्यातून नेली तर एकदाच खाली वाकून वर आली.

काळी रुंद चाकं साडू हौसेने घेऊन गेला. त्याच्या जीपला बसवणार म्हणतो, त्यासाठी जीप आणखी उचलणार म्हणतो. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

पाट मी स्वतः केला. एका जुन्या पाटीचं सागवानी फळकूट होतं, ते कापलं, घासलं, खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या. वर सुबक अक्षरात रंगवलं: पाट. आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, काना राहिला बरं का."

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला ऐकू येईल अशा बेताने.

१६ एप्रिल, बुधवार

आजची नोंद शेवटची. टेबल फार डुगडुगतंय, सकाळी चहा पुन्हा सांडला. हे लिहिलं की डायरी परत पायाखाली जाणार.

आज मावशी बाहेर आल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी खिडकीतून आईंना पाटावर पाय ठेवून उतरताना पाहिलं होतं. आज म्हणाल्या, "ते मला जमेल की." दोन वर्षांत त्या फाटकाबाहेर आल्या नव्हत्या. आई आधी पाटावरून चढून मध्ये सरकल्या, आतून त्यांनीच मोजलं, "एक, दोन, हं," आणि मावशी 'हं'च्या आधीच आत. लगेच म्हणाल्या, "बघ, तुझ्यापेक्षा लवकर."

ठमीला पुढे एकच लांब सीट आहे. मी, मग आई, मग खिडकीशी मावशी. दोघींनी पाट उचलून घेतला, मांड्यांवर आडवा ठेवला आणि त्यावर पत्ते वाटले. मी आख्ख्या गावातून गाडी नेली. बाजाराच्या रस्त्यावरून नेली, जिथे खड्ड्यात रस्ता आहे. पाटावरचं एक पान सरकलं नाही. सस्पेन्शन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि सांगायला कुणी मोकळं नव्हतं. दोघी भांडत होत्या.

सिग्नलला थांबलो. मावशींच्या बाजूला एक जीप येऊन लागली. काळी रुंद चाकं बरोबर मावशींच्या खिडकीशी आली. पार वरती साडूचं डोकं. त्याने काच खाली घेतली, मान काढली. येणारं वाक्य मला पाठ होतं.

"काय पेंटर! खाली हवा कशी आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईंनी हातातल्या पानांवरून नजर न उचलता विचारलं, "थोरले जावईबापू, वरून दिसतं का हो तुम्हाला? हिच्याकडे बदामचा राजा आहे का?"

मावशींनी पानं छातीशी धरली, पण उशीर झाला होता. साडूने वाकून नीट पाहिलं.

"आहे," तो म्हणाला.